तिप्पाबाई शेवटच्या पानावर जाणार नाहीत

“मॅडम, दो बीवियाँ थीं, ऐसा लिख दीजिए ना. किसका क्या जाता है?” कार्तिक म्हणाला.

कार्तिक माझा बॉस. वय तेहतीस, मूळचा हासनचा. मी बासष्टची. महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत आमची छोटी कंपनी आहे. ज्यांना आपल्या पूर्वजांचं पुस्तक हवं असतं, त्यांना आम्ही ते करून देतो. लग्नाच्या जुन्या नोंदी, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले शोधायचे, एकमेकांशी ताडून बघायचे आणि वंशावळ मांडायची, हे माझं काम. पुस्तकाच्या शेवटी रिसर्चर म्हणून माझी सही असते. सहीशिवाय पुस्तक प्रेसला जात नाही. हा नियम कार्तिकनेच केलेला.

“माझं जातं. सही माझी आहे,” मी म्हणाले.

“स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मॅडम.”

थोडं जुळवून घ्या. बेंगळुरूत छत्तीस वर्षं काढताना या एका वाक्यावर मी बसमध्ये सरकून बसले, पार्किंग सोडलं, शेजाऱ्यांचा फ्रीज महिनाभर आमच्या हॉलमध्ये ठेवून घेतला. पण कोणाच्या पणजीचे दोन तुकडे करायला मी सरकून बसणार नव्हते.

आधी मी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. रेकॉर्ड सांभाळायचे. तिथे नेहमी होणारी चूक म्हणजे एकाच बोल्टला दोन पार्ट नंबर पडणं. मग स्टोअरवाले शपथेवर सांगतात, साहेब, हे दोन वेगळे बोल्ट आहेत. मोडी लिपी मी रिटायर झाल्यावर शिकले. बोल्ट मात्र तेच राहिले.

क्लायंट होते जयनगरचे जगन्नाथराव. त्यांचं घराणं तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. पहिल्याच भेटीत त्यांनी मला घराण्याची गोष्ट सांगितली. पणजोबा हनुमंतरावांना दोन बायका. थोरल्या लक्ष्मीबाई, चांगल्या घरच्या. त्यांचा मुलगा राघोबा, आणि त्याच्यापासून जगन्नाथरावांची शाखा. धाकट्या तिप्पाबाई, ‘कुठून तरी आणलेल्या’. त्यांचा मुलगा व्यंकोजी. त्याच्या वंशजांना घरात ‘मागची शाखा’ म्हणत.

“त्यांना शेवटच्या पानावर घ्या. थोडक्यात,” जगन्नाथराव म्हणाले. “नावावरूनच कळतं की, कोण होती ती.”

कन्नडमध्ये तिप्पे म्हणजे उकिरडा. नावावरून कळतं ते वेगळंच. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे नव्या बाळाला उकिरड्यावर टेकवून उचलायचं आणि नावही तसलंच ठेवायचं. काळाला वाटावं, हे काय घ्यायचं. आपल्याकडचे दगडू, धोंडू, उकिर्डा तसेच आलेले. तेव्हा तिप्पी हे टाकून दिलेल्या पोरीचं नाव नव्हे. जिवापाड हव्या असलेल्या पोरीचं नाव आहे ते. हे मी जगन्नाथरावांना सांगितलं. ते म्हणाले, “सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, आणि कॉफी मागवली.

सुरुवात लग्नाच्या नोंदीपासून करायची, ही माझी पद्धत. त्या घराण्याच्या भटजींचे पणतू चिकपेटेत राहतात. त्यांच्याकडे जुन्या लग्नवह्या निघाल्या. कोणाचं लग्न, वधूचा बाप कोण, देवक कोणतं, आणि वधूचं नवं नाव काय ठेवलं, हे सगळं मोडीत लिहिलेलं. नवं नाव लिहायचं कारण साधं. पुढे श्राद्धाला बाईचं सासरचं नाव घ्यायचं असे, म्हणून भटजी ते टिपून ठेवत.

हनुमंतरावांच्या लग्नाची नोंद एकच होती. वधू तिप्पी, मुळबागलच्या गोविंदजींची कन्या. ठेविले नाव लक्ष्मी.

ती ओळ मी चार वेळा वाचली. मग चहा प्यायले आणि पाचव्यांदा वाचली.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे आपल्याला पाठ आहे. माझ्या लग्नातही ताट आलं होतं. नवऱ्याने नाव लिहिलं आणि मी तळहाताने तांदूळ सारखे करून टाकले. सासूबाई वर्षभर माझ्याशी बेताचंच बोलल्या. पण सगळ्यांनाच तसं करता येत नाही. सासरी बाई लक्ष्मी होते आणि माहेरी मरेपर्यंत तिप्पीच राहते.

अर्थात एका कागदावर मी जात नाही. एक कागद म्हणजे ऐकीव गोष्ट, दोन ठिकाणचे दोन कागद म्हणजे पुरावा. म्हणून मी इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले, सरोजाक्कांकडे. अक्का मागच्या शाखेच्या. वय चौऱ्याहत्तर. मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या ट्रंकेत एक मोडी कागद होता, फडक्यात बांधलेला.

“आई म्हणायची, कुणाला दाखवू नको,” अक्का म्हणाल्या. “आत काय असेल, कुणाला ठाऊक मा? आहे त्याच्यापेक्षा वाईट निघालं तर?”

“आहे ते काय कमी वाईट आहे, अक्का?”

मग त्यांनी सांगितलं. दर नवरात्रात अष्टमीला जगन्नाथरावांकडे कुलदेवीची ओटी भरतात. थोरल्या शाखेच्या बायका देवघरात जातात. मागच्या शाखेच्या बायका हॉलमध्ये थांबतात आणि नारळ कोणाच्या तरी हाती आत पाठवतात. अक्कांच्या आईने जन्मभर तसाच पाठवला. देवीला एकदा आपल्या हाताने ओटी घालावी, एवढंच तिला हवं होतं. ते राहून गेलं. “आता माझंही वय झालं की,” अक्का म्हणाल्या.

कागद उघडला. बक्षीसपत्र निघालं, म्हणजे बापाने लेकीला जमीन दिल्याचा कागद. गोविंदजी लिहितात, माझी एकच हयात लेक तिप्पी, हनुमंतरावांचे कुटुंब, तिला व तिचे पोटचे पुत्र राघोबा आणि व्यंकोजी यांस.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. राघोबा हे नाव ऐकून अक्कांनी हात वर केला. “थांबा. राघोबा तर त्यांचा.”

“त्यांचाच. आणि तुमचा व्यंकोजी त्याचा सख्खा भाऊ. बाई एकच होती, अक्का. त्यांच्याकडे तिचं सासरचं नाव राहिलं, तुमच्याकडे माहेरचा कागद आणि माहेरचं नाव.”

अक्कांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “आईला वाचून दाखवायला हवं होतं कुणीतरी.” मला गलबलून आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. शंभर वर्षं एक घर आपल्याच पणजीला हॉलमध्ये उभं करत होतं, कारण तिची माहेरची हाक कोणाला चालत नव्हती.

जगन्नाथरावांना मी ऑफिसमध्ये बोलावलं आणि दोन्ही कागद, देवनागरीत उतरवून, पुढे ठेवले. ते स्वतः इंजिनिअर, माणूस हुशार. लगेच म्हणाले, “तिप्पी धाकटी बहीण असेल. एकाच घरातल्या दोघी करत असत पूर्वी.”

“एकच हयात लेक, असं बाप लिहितोय. आणि दोन्ही मुलं तिच्या पोटची.”

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “पुस्तकात नको हे.”

“खोटं आहे?”

“खोटं कुठे म्हणतोय मी? पण इतकी वर्षं त्यांना आत घेतलं नाही. आता काय सांगायचं, चुकलं म्हणून?”

“हो. तेवढंच सांगायचं.”

ते उठून गेले आणि त्यांनी कार्तिकला फोन केला. त्यावर कार्तिक माझ्या टेबलाशी आला ते ‘दो बीवियाँ’ घेऊन.

“तो फिर साइन किसी और का ले लेंगे,” तो शेवटी म्हणाला.

“घे. मोडी वाचणाराही हवा आणि खोटं लिहिणाराही. दोन्ही एकात मिळेपर्यंत दसरा होऊन जाईल.” आणि मी डबा उघडला. नोकरी जाईल असं वाटत होतं. पण भूक लागली होती.

अष्टमीच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन आला. “नारळ मी पाठवणार नाही. मी स्वतः जाणार. तुम्ही याल का हो, मॅडम? कुणी विचारलं तर वाचून दाखवायला.”

मी गेले. क्लायंटच्या घरी बोलावणं नसताना जाऊ नये, हे मला कळतं. तरी गेले. हॉल भरलेला होता. जगन्नाथराव देवघराच्या उंबऱ्यात उभे. त्यांच्या सुनेने सवयीने हात पुढे केला. “द्या अक्का, मी ठेवते आत.”

अक्कांनी दिला नाही. त्या जगन्नाथरावांकडे वळल्या. “जगन्ना, कागद तू वाचलास. मी ऐकला. आता तूच सांग, मी कुठे उभी राहू?”

मी पर्समधून कागद काढले. पण ते वाचायची वेळच आली नाही. आतून जगन्नाथरावांच्या पत्नी आल्या, जयलक्ष्मीबाई. हातात ओटीचं ताट. त्यांनी नवऱ्यालाच विचारलं, “कुठला कागद?”

मग अक्कांनीच चार वाक्यांत सांगितलं.

जयलक्ष्मीबाईंनी ताट खाली ठेवलं. “माझं माहेरचं नाव चंद्रा,” त्या म्हणाल्या. “माझ्या भावांनी मला अजून एकदाही जयलक्ष्मी म्हटलेलं नाही. माहेरच्या घराच्या कागदावर चंद्राच आहे. उद्या माझ्या दोन मुलांना दोन बायकांची म्हणाल?”

भिंतीशी बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, “मी गंगू होते.”

जगन्नाथराव उंबऱ्यातून बाजूला झाले.

अक्का आत गेल्या. पिशवीतून त्यांनी नारळ काढला, खण, तांदूळ. ओटी भरली. मग पिशवीत पुन्हा हात घालून दुसरा नारळ काढला, दुसरा खण काढला. “हा आईचा,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा ओटी भरली.

पुस्तक दिवाळीनंतर छापलं गेलं. लक्ष्मीबाई, माहेरच्या तिप्पी, एकच बाई, दोन मुलगे, पहिल्याच पानावर. जगन्नाथरावांनी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण प्रूफमध्ये ‘मागची शाखा’ हे दोन शब्द त्यांनी आपल्या हाताने खोडले होते. सही माझी आहे. नोकरीही आहे. कार्तिकने क्लायंटच्या फॉर्ममध्ये बायकांच्या माहेरच्या नावासाठी नवा रकाना टाकला आणि मीटिंगमध्ये सांगितलं की आयडिया त्याची. असू दे.

तुम्ही तुमची वंशावळ करायला घ्याल तेव्हा एवढं करा. पणजोबांना दोन बायका होत्या असं कोणी सांगितलं, तर आधी त्यांच्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवा.