चाटूनपुसून आलेलं ताट

समुद्रपक्ष्यांचा तो कर्कश, भुकेला कोलाहल अजूनही कानी पडला, की मी हातातलं काम टाकून छपराकडे पाहते. तुम्हाला म्हणून सांगते, हसू नका!

महामारीतल्या त्या वसंतात, नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावी आमच्या चिंचोळ्या घरात नवरा माळ्यावरच्या खोलीत तापाने निजलेला, आणि मी नि लेक खाली. उभ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायचं, खाली यायचं आणि कानोसा घेत बसायचं. डॉक्टर फोनवर आधी हेच विचारत, जेवतो का? मी निश्चिंतपणे सांगे, ताट चाटूनपुसून परत येतं.

मन रमवायला एका जुन्या अमेरिकन व्यापाऱ्याचं चरित्र हाती घेतलं होतं. ॲमस्टरडॅमला जहाजं धाडता धाडता राजकारणात शिरलेला गृहस्थ. साथीत परदेशाहून येणाऱ्या जहाजांना बंदराबाहेर थोपवणारा कायदा त्यानेच आणला, आणि अडकलं ते त्याचंच जहाज, त्यावर त्याचा थोरला मुलगा! बापाने कायदा वाकवला नाही. आई रोज होडीतून जेवणाची टोपली धाडी. टोपली रिकामी परतली, म्हणजे लेक जेवला, लेक आहे, एवढ्याच आधारावर ती माउली दिवस ढकली. जगाने त्या कर्तव्यकठोर पुरुषाचे गोडवे गायले असतील. मला मेला त्याचा रागच आला. बाई गं, तुझं नि माझं सारखंच, असं मी तिला मनोमन म्हणत होते.

एका दुपारी अंगणातून लेक ओरडली, "आई, बघ! बाबाच्या खिडकीत किती मेउवेन!" पुस्तक हातात तसंच धरून बाहेर आले, वर पाहते तर तिरप्या छपरावर पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची झुंबड, आणि खिडकीतून आलेला एक हात त्यांना वरणभात घालत होता.

अरे देवा! पानात टाकायचं नाही, हे सासूबाईंनी लेकाच्या हाडीमाशी खिळवलेलं. घशाखाली घास उतरेना, तरी ताट स्वच्छच परत जायला हवं! मग इतके दिवस मी डॉक्टरांना सांगत होते, ते कुणाचं जेवण? आणि त्या दूरच्या बंदरावरही असे पक्षी असणारच, मग त्या माउलीची टोपली तरी कुणी रिकामी केली? पुस्तक मी तिथेच मिटलं. पुढचं पान उलटायचा धीरच होईना.

मास्क चढवून धडाधड जिना चढले. तो ओशाळून म्हणाला, "अगं, तू काळजी करशील म्हणून..."

"मग करू दे ना मला काळजी!" मला रडूच फुटलं.

डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, औषध बदललं. त्यानंतर दार उघडं ठेवून तो आत जेवू लागला आणि मी लांब, जिन्यातच बसू लागले. पहिल्या दिवशी त्याने कसेबसे दोन-चार घास खाल्ले आणि बाकीचा भात पानात टाकला. बाहेर पक्षी नुसते कोकलत होते. पानातला तो उरलेला भात पाहून मला जेवढं हायसं वाटलं, तेवढं एकाही स्वच्छ ताटाने वाटलं नव्हतं.