फिरकी धरणारा

आमच्या उधन्याच्या धाब्यावरची पोरं आता पांगली. गच्चीला सुरतेत धाबं म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. कुणी गोडादऱ्याला घर बांधलं, कुणी अमळनेरकडे परत गेला. पण कुणाच्या लग्नात चौघं जरी भेटलो, तरी पंगत उठायच्या आत किस्से सुरू होतात. आणि हे किस्से काही केल्या कमी होत नाहीत. आमच्यातला एकजण त्या काळी धाब्यावरून पडता पडता वाचला होता. हल्ली तो दर लग्नात पडतो, आणि दर वेळी जरा वरच्या मजल्यावरून.

यातले निम्मे किस्से भिकन आणि संजूचे. अडचण एवढीच, की ते दोघं पंगतीत असले तर सांगता येत नाहीत. तसे ते भांडत नाहीत. 'मुलं कशी आहेत? परतीची गाडी कितीला आहे?' असं सगळं नीट विचारतात. नव्या पाहुण्याशी बोलावं तसं. मला तेच बघवत नाही. आज दोघंही नाहीत, म्हणून सांगतो.

*

दोघांचे वडील एकाच खात्यात संचे चालवायचे. खातं म्हणजे लूमची शेड, संचा म्हणजे लूम. दिवाळीला शेठ उरलेल्या कापडाचा तुकडा द्यायचा आणि दोघांच्या आया त्यातून पोरांना सारखे शर्ट शिवायच्या. त्यामुळे मागून बघणाऱ्याला भिकन कोण आणि संजू कोण, हे काही कळायचं नाही.

आमच्या मराठी शाळेत एक सर होते, त्यांना चष्मा लावायची लाज वाटायची. एकदा वर्गात भिकनने कुणाचं तरी दप्तर खिडकीबाहेर टाकलं. सरांनी शर्ट बघितला, संजूला उभं केलं आणि छड्या मारल्या. संजूने गुपचूप मार खाल्ला. छडी थांबल्यावर म्हणाला, "सर, आता सांगू का? भिकन मागच्या बाकावर आहे."

"मग आधी का नाही बोललास गाढवा?"

"त्याला कालपण पडली होती, सर."

*

उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, धाब्यावर प्रत्येकाचं काम ठरलेलं असायचं. मी विजू, पोस्टातल्या बाबूचा मुलगा, खालच्या खोलीत राहणारा. माझं काम मांजाने कापलेल्या बोटांना चिकटपट्टी लावायचं. पतंग उडवायचा भिकनने आणि फिरकी धरायची संजूने.

हे काही पहिल्यापासून नव्हतं. सातवीत असताना दोघांनी मिळून एक फिरकी घेतली आणि आळीपाळीने उडवायचं ठरवलं. संजूचा पतंग वर जायचा आणि लगेच कटायचा. भिकनचा जायचा तो जायचाच. दुपारपर्यंत संजूच म्हणाला, "तू उडव, मी धरतो." त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा त्याच्या तोंडावर आनंदच होता. त्यानंतर संजूने दोरा हातात घेतलाच नाही.

ज्यांनी फिरकी धरली नाही त्यांना हे काम हमालीचं वाटतं. पेच लागला की दोरा सरसर सुटत राहायला लागतो. जरा अडला की समोरचा मांजा आपला दोरा कापतोच. भिकन "ढील" म्हणायच्या आत संजूची फिरकी गरगरायला लागलेली असायची. भिकनच्या मानेकडे बघून त्याला कळायचं म्हणे.

एकदा संजू खाली उंधियू खायला गेला आणि घरमालकाच्या कमलेशने हौसेने फिरकी घेतली. भिकन ढील ढील ओरडतोय आणि कमलेश भलत्याच कटलेल्या पतंगाकडे बघत उभा. व्हायचं तेच झालं. भिकन वळून म्हणाला, "अल्या, आ फिरकी छे के ब्रेक?"

संजू जिलबी खात वर आला, लोंबणारा दोरा बघितला आणि म्हणाला, "मला सुखाने जेवूसुद्धा देऊ नका."

*

समोरच्या धाब्यावर कमलेशचे मामा असायचे. साड्यांचा धंदा, मोठे मोठे काळे पतंग आणि नवरात्रातून उरलेला माईक. कुणाचाही पतंग कटला की मामा माईकवर नाव घ्यायचे. भिकनने तोडला की सगळ्या गल्लीत घुमायचं, "उधनाना भिकनभाई!"

भिकनला एकट्याचं नाव येतं याचं वाईट वाटायचं, हे मी शपथेवर सांगतो. एका वर्षी तो स्वतः रस्ता ओलांडून मामांकडे गेला आणि म्हणाला, संजूचंपण नाव घ्या. मामा दिलदार माणूस. पुढचा पतंग कटल्याबरोबर माईकवर म्हणाले, "भिकनभाई! अने साथे छे एमनो फिरकीवाळो!"

सगळी धाबी हसली. संजूही हसला, जरासा उशिरा.

झालं. शाळेत त्याचं नाव फिरकी पडलं. त्यावरून भिकनने एकाचं नाकही फोडलं. पण पुढे एकदा ऐन पेचात घाईने भिकनच्याच तोंडून गेलं, "ए फिरकी, ढील!" आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नसेल. संजूने ढील दिली. पतंग आम्हीच कापला.

*

अभ्यासात संजू हुशार. नववीच्या सहामाहीला पहिला आला आणि पळत घरी गेला. मी मागे होतो. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बरं झालं रे बाबा. आणि भिकन? भिकन पास झाला ना?"

माऊलीच्या मनात काही नव्हतं. भिकनला तिने आपलाच मानला होता. पण बाहेर ओट्यावर बसून संजू मला म्हणाला, "विजू, मी पहिला आलो तरी आमच्या घरी निकाल भिकनचाच लागतो."

मी हसलो. विनोद चांगलाच होता. आता कळतं की तो विनोद करत नव्हता.

*

मग दहावीचं उत्तरायण आलं. सकाळीच कमलेश भिकनसाठी मामांचा निरोप घेऊन आला. आज माझा काळा पतंग कापलास, तर उद्या वासी उत्तरायणला तापीकाठी आमच्या टोळीतून उडवायला ये. तिथे मोठे मोठे पतंगबाज येतात. फिरकी आमचा माणूस धरेल.

भिकन म्हणाला, "हो, येतो की."

एवढंच. वळून बघितलं नाही, विचारलं नाही. सोळा वर्षांचा पोरगा, आनंदात होता. संजू किन्ना, म्हणजे पतंगाची कण्णी, बांधत होता. बांधून झाली होती तरी त्याने ती सोडून परत बांधली.

दुपारी काळा पतंग वर आला. पेच लागला. दोघंही ढील देणारे, त्यामुळे पतंग वाहत वाहत पार रेल्वे लाईनच्या पलीकडे ठिपक्याएवढे झाले. आजूबाजूच्या धाब्यांनी आपले पतंग उतरवले. मामांनी माईक खाली ठेवला होता. काळा पतंग हलायला लागला, आता सुटतोच असं दिसायला लागलं, आणि भिकन म्हणाला, "ढील."

दोरा आला नाही.

"ढील, संजू!"

आणि आमचा पतंग कटला. समोरून आरोळी उठली, थाळ्या वाजल्या. भिकनने मागे बघितलं. मी चिकटपट्टी हातात घेऊन संजूच्या अगदी शेजारी उभा होतो. त्याचे दोन्ही अंगठे फिरकीवर दाबलेले होते. इतके, की नखं पांढरी पडली होती.

संजू म्हणाला, "दोरा अडकला."

भिकनने त्याच्या हातातून फिरकी घेतली आणि दोऱ्याला बोटाने हलकासा झटका दिला. ती गरगर फिरत राहिली. थांबेपर्यंत तिघंही तिच्याकडे बघत होतो. मग भिकनने ती खाली ठेवली आणि जिना उतरून गेला. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. दिला असता एक ठोसा तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मत्सर मी खूप बघितलाय. बाजारात माणसं दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवतात, त्यांना काहीतरी हवं असतं. संजूला त्या पोरवयात काय हवं होतं? मामांची टोळी नको होती, पतंगही नको होता. भिकन आपल्याशिवाय नदीवर जाणार, एवढंच त्याला सोसलं नाही. आणि नेमकं त्यामुळे तो भिकनला गमावून बसला.

*

संध्याकाळी आई लोकांनी तिळगूळ वाटला. भिकन आणि संजूनेही एकमेकांना दिला, आया समोर उभ्या होत्या ना. पण तिळगूळ देताना जे म्हणायचं असतं, ते दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

भिकनच्या आईला आठवडाभर काही माहीत नव्हतं. घरात त्यांचं अहिराणी. ती रोज दोन ताटं वाढायची आणि दाराकडे बघून विचारायची, "संज्या काब्र वना नही?" काब्र म्हणजे का. का आला नाही.

भिकन म्हणायचा, "त्याचा अभ्यास आहे."

मग एक दिवस तिने एकच ताट वाढलं. त्या दिवशी भिकन जेवला नाही, असं तिनेच माझ्या आईला सांगितलं. पुढच्या दिवाळीला शर्टाचं कापड आलं, शर्टही शिवले. संजूने तो अंगात घातला नाही.

*

पुढच्या उत्तरायणला भिकन एक अजब वस्तू घेऊन धाब्यावर आला. त्याच्या वडिलांनी खात्यातल्या भंगारातून लोखंडी घोडा करून दिला होता. दोन खुंट्या, मध्ये फिरकी आडवी ठेवायची. कुणी धरायला नको, ती आपली आपण फिरते. सगळी पोरं बघायला जमली. कमलेशला तर पेटंट घ्यायचं होतं.

तो म्हणाला, "पण यार, माणूस असताना हे कशाला?"

भिकन पट्टी बांधून घ्यायला माझ्यापुढे बोटं धरून उभा होता. म्हणाला, "ह्याला अंगठे नसतात."

संजू जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आला होता. तो तिथूनच खाली गेला. बारावीनंतर तो शिकायला जळगावला आपल्या मामाकडे गेला. भिकन संच्यावर लागला आणि दर वर्षी घोड्यावर फिरकी लावून एकटा उडवत राहिला. चांगला उडवायचा, पण आता मागे वळून कुणाला टाळी द्यायचा नाही.

*

शेवटचं सांगतो, मग पान खाऊ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. संजूच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून तो जानेवारीत सुरतेला आला. तोवर नोकरीला लागला होता. उत्तरायणलाच आला, आणि माझ्या आईने त्याला हट्टाने धाब्यावर पाठवलं. भिकन वर होता. पतंग आभाळात, घोडा शेजारी.

संजू टाकीला टेकून उभा राहिला. कमलेशने उगाच चिक्की वाटली. असा बराच वेळ गेला.

मग भिकनने दोरा तसाच हातात धरून पाऊल मागे टाकलं, संजूजवळ आला आणि दोरा त्याच्या हातात दिला.

संजू म्हणाला, "मला येत नाही. तुला माहितीये."

भिकनने घोड्यावरून फिरकी उचलली. म्हणाला, "तू उडव, मी धरतो."

संजूला खरंच येत नव्हतं. पतंग डोलायला लागला, गोते खायला लागला, आणि समोरून मामांचा काळा पतंग तरंगत जवळ आला. मामा आता म्हातारे झाले होते, पण खोड गेली नव्हती. पेच लागला. संजूने एकदा मागे बघितलं, परत पुढे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "ढील."

फिरकी सुटली. भिकनने दोन्ही दांड्या तळहातांवर नुसत्या तोलल्या होत्या आणि अंगठे बाहेर, सगळ्यांना दिसतील असे वर धरले होते. दोरा सरसर जात राहिला. काळा पतंग कधी कटला ते आमच्यातल्या कुणी बघितलंही नाही. मामा माईकवर कुणाचं तरी नाव घेत होते. पेच जिंकला की दोरा परत गुंडाळायचा असतो. भिकन ढील देतच राहिला. गुलाबी मांजा संपला, खालचा पांढरा दोरा आला, मग फिरकीचं लाकूड दिसायला लागलं.

कमलेश म्हणाला, "अरे, बस की आता! किती ढील देशील?"

भिकन म्हणाला, "तो मागेल तेवढी."

संजू पुढे तोंड करून उभा होता. त्याने मागणं केव्हाच थांबवलं होतं.