वाकड्या बाभळीचं गलबत

न्हावऱ्याच्या अलीकडं आमचं शेत. बांधावर एक बाभूळ होती, पाहुण्याला दाखवायची लाज वाटावी इतकी वाकडी. नव्वदीच्या सुरुवातीला एक कच्छी लाकूड-व्यापारी आला आणि आमची सरळसोट झाडं सोडून तिच्यावरच हात फिरवत बसला.

"गलबताच्या बरगड्या बनवतात," तो म्हणाला. "लाकूड जन्माचं वाकडं पाहिजे. सरळ कापून जोडलं तर दर्यात तुटतं."

शिरूर तालुक्यात गलबत! आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या वाट्यातल्या तात्यांना, आपल्या धाकट्या भावाला, विचारून झाड दिलं. ट्रक दिसेनासा झाला तसे मला म्हणाले, "एवढ्या लांबनं कुणी वाकड्या लाकडासाठी येत न्हाई. खाली कायतरी असणार, त्यो परत येईल. तू आधी खण."

मी डिप्लोमावाला, सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर. गुप्तधनावर माझा विश्वास नव्हता. खड्डा कमरेपर्यंत गेल्यावर थोडा विश्वास बसायला लागला. सापडलं खुरप्याचं मोडकं पातं.

दौंडच्या बाजाराहून परतलेले तात्या काठावर येऊन उभे राहिले. "काय घावलं?"

"काही नाही."

"काही न्हाई घावायला एवढा खड्डा?"

आणि नेमकी त्याच महिन्यात मी हप्त्यावर स्कूटर घेतली. माझे सगळे मुहूर्त असेच. तात्यांनी आमच्याशी बोलणं तोडलं. माझ्या लग्नालाही आले नाहीत. बांधावरून ते जाताना दिसले की आप्पा बैलाशी मोठ्यानं बोलत, आणि रात्री जेवताना ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवत.

बऱ्याच वर्षांनी तो व्यापारी आणखी झाडं शोधत पुन्हा आला. त्यानं फोटो आणला होता: निळं गलबत, एक शीड, डोलकाठीशी उभे खलाशी. आप्पांनी फोटो डोळ्यांशी नेला.

"ह्यात आमची बाभूळ कुठंय?"

"अंदर, काका. माणसाच्या बरगड्या बाहेरून दिसतात का?"

कच्छच्या खाडीत बांधलेलं ते गलबत आखातात कांदा, तांदूळ, बकऱ्या न्यायचं आणि खजूर घेऊन यायचं. गेल्या हंगामात ओमानजवळ वादळात फळ्या उघडल्या आणि ते बुडालं.

"माणसं?" आप्पांनी विचारलं.

"सगळी वाचली."

आप्पा उठले, टोपी घातली आणि तात्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. आमच्याकडं भाऊबंदकी कितीही असो, कुणी गेल्याचा सांगावा द्यावाच लागतो आणि समोरच्यालाही तो घ्यावाच लागतो.

"आपली बाभूळ गेली," आप्पा म्हणाले. "समुद्रात बुडाली."

तात्या उंबऱ्यापर्यंत आले. "कोण म्हणतंय?"

"त्यो कच्छी. घरी बसलाय."

"बसवून ठेव. आलोच."

दोघं एकाच बाजेवर बसले. समोर खुर्चीत व्यापारी, हातात निवत चाललेला चहा.

"लाकूड बुडतं कसं?" आप्पांनी सुरुवात केली.

"माल भरला होता, काका. आत पाणी आलं."

"मग माल फेकायचा," तात्या म्हणाले.

"मीबी त्येच म्हणणार व्हतो," आप्पा म्हणाले.

व्यापाऱ्यावरची नजर न हलवता तात्यांनी तंबाखूची डबी आप्पांपुढं सरकवली. "आन् दादा, ह्येला इचार, बुडताना बघितलं कुणी?"