नाहीसाहेब

समोरच्याचं वाक्य तोंडाबाहेर पडायच्या आत जो माणूस ‘नाही’ म्हणतो, त्याच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत काम करून बघा, आणि मग मला शांतपणे बोलायला सांगा. “साहेब, मी काय म्हणते...” “नाही.” अहो, काय म्हणते ते तरी ऐका! तर ऐकायचेही. मान जरा वाकडी करून, नजर टेबलावर ठेवून सगळं ऐकून घ्यायचे आणि मग तेच पुन्हा, फक्त या वेळी पूर्ण वाक्यात: “नाही. कंपनीत चालणार नाही.” त्यांना चांगलं आडनाव होतं, पण ते आमच्यापैकी कोणी वापरलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांचे नाहीसाहेब झाले.

कंपनी परदेशातली. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा ती बनवायची. डबा तिचा, पण त्यावरचे खेळ मात्र देशोदेशीच्या लहानमोठ्या मंडळींकडून करून घ्यायची. त्यातली एक मंडळी आम्ही, जळगावात, पिंप्राळ्यातल्या एका गाळ्यात. ऐकून लोक हसायचे. माझे चुलतभाऊ, ज्यांना सगळेच भाऊ म्हणत, त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी हाताशी दोन इंजिनिअर पोरं धरली, एक छोटा खेळ बनवला, आणि परदेशातल्या एका नातेवाइकाने तो त्या कंपनीला दाखवला. कंपनीने होकार दिला तेव्हा भाऊंनी अख्ख्या गल्लीला जिलबी वाटली. मी तेव्हा चित्रकलेची परीक्षा पास होऊन घरीच बसले होते. खेळातली चित्रं काढायला भाऊंनी मला घेतलं.

खेळ माझ्या डोक्यातून निघालेला. ज्वारीचं शेत, त्यात माळा, माळ्यावर हातात गोफण घेतलेली एक बाई, आणि चारी बाजूंनी येणारी पाखरं. बटण दाबलं की गोफण फिरायची, दुसरं दाबलं की दगड सुटायचा. कंपनीला कल्पना फार आवडली. पण आवडणं वेगळं आणि पास होणं वेगळं. दर महिन्याला जेवढं झालं तेवढं फ्लॉपीवर भरून पाठवायचं, तिकडचे तपासनीस ते खेळून बघणार, चुका कळवणार. शेवटी सगळं पसंत पडलं तरच त्याची कॅसेट निघणार. पास झालो असतो तर पुढचं काम मिळालं असतं आणि कॅसेटच्या खोक्यावर आमचं नाव आलं असतं. नापास झालो तर कंपनीचं मशीन परत, भाऊ पुन्हा टीव्हीच्या पाठीमागे, आणि मी पुन्हा घरी. मला घरी बसायचं नव्हतं. स्थळं येत होती.

ज्या मशीनवर खेळ बनायचा ते कंपनीचं होतं, उसनं दिलेलं. कंपनीचा नवा डबा अजून बाजारात यायचा होता, म्हणून ते कोणाच्या नजरेस पडता कामा नये, अशी करारातच अट. त्यासाठी आतली खोली, खोलीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सांभाळायला कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसने पाठवलेला हा माणूस. किल्ली ते गळ्यातल्या दोऱ्यात घालून शर्टाच्या आत ठेवायचे. सकाळी दार उघडायचे, संध्याकाळी लावायचे. भाऊ एकदा चष्मा आत विसरले आणि मिनिटभरासाठी किल्ली मागितली. “नाही. मी येतो बरोबर,” म्हणाले, आणि जेवणाच्या पानावरून उठून आले. भाऊंना आपल्याच गाळ्यात चोरासारखं वाटलं, आणि मला तर असा संताप आला की विचारू नका.

पण खरी ठिणगी पडली ती कुंकवावरून. माझी गोफणवाली मी किती जीव लावून काढली होती! ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र उभं करायचं म्हणजे डोळ्यांचं पाणी व्हायचं. हिरवं लुगडं, खोचलेला पदर, कपाळावर एक लाल ठिपका. नाहीसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे काढा.”

“काय काढा?”

“कपाळावरचं. कुठल्याही धर्माची खूण खेळात चालत नाही. कंपनीचा नियम आहे.”

“अहो, सवाष्ण बाई आहे ती!”

“कंपनीला काय कळणार सवाष्ण?” एवढं म्हणून त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, “तुमच्या घरात कोणी बाईमाणूस आहे की नाही?” ते लिहीत राहिले. मी तो ठिपका पुसला. माझ्या बाईचं कपाळ पांढरं केलं या माणसाने, असं मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले.

मग पाखरं. दगड लागला की पाखरू खाली पडायचं. “नाही. मारायचं नाही. उडून जाऊ दे.” मी म्हटलं, “साहेब, गोफणीचा दगड लागल्यावर पाखरू उडून जातं, हे तुम्ही कुठल्या शेतात पाहिलं?” यावर मात्र पहिल्यांदा त्यांचे ओठ किंचित हलले. “शिरपूरकडे,” म्हणाले. “माझ्या आईचा नेम फार वाईट होता.” म्हणजे माणूस आपल्याच खानदेशातला! आणि इतके दिवस आमच्याशी पुस्तकासारखं बोलत होता. मला याचाही राग आला. परका म्हणून सोडून द्यावं तर तेवढीही सोय ठेवली नाही त्यांनी.

खेळायचे तर इतके विचित्र की बघवत नसे. नीट खेळणं नाहीच. दोन्ही बटणं एकदम दाबून बसायचे. मधेच जोडलेली वायर उपटायचे. खेळ थांबवून ठेवायचे आणि जेवून यायचे, तो अजून तसाच थांबलाय का बघायला. एकदा तर गोफणवालीला शेताच्या एका कोपऱ्यात नेऊन भिंतीवर डोकं आपटवत ठेवलं, दुपारभर. इंजिनिअर पोरांनी हात जोडले. “साहेब, असं कोण खेळतं?” “लहान मूल,” ते म्हणाले, आणि पुन्हा आपटायला लागले. संध्याकाळच्या सुमाराला बाई भिंतीतून आरपार गेली आणि सगळा पडदा निळा झाला. साहेबांनी वहीत लिहिलं. पोरांनी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या मला बाहेर ऐकू येत होत्या.

त्या वहीतलं सगळं फॅक्सने मुंबईला जायचं आणि तिथून परदेशात, अशी आमची खात्री होती. आपली गाऱ्हाणी वर पोचवणारा माणूस आपल्याच पाटावर बसतोय म्हटल्यावर त्याला कोण जीव लावणार? मी त्यांना तोंडावर चहाडखोर म्हटलं. ते म्हणाले, “माझं काम आहे ते, मॅडम.” आमच्याकडे चहा आला की त्यांचा कप कधीच मोजला जायचा नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण पोऱ्याला बरोबर कळलं होतं. ते घरून थर्मास आणायचे. बिस्किटाचा पुडा फोडून टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि आपण कडेचं एकच घ्यायचे. बाकीची तशीच मऊ पडायची. अक्का, म्हणजे भाऊंची आई, कधी डबा घेऊन गाळ्यावर आली तर तेवढी साहेबांकडे बघून म्हणायची, “तो भाऊ एकलाच का बसेल शे?” आम्ही म्हणायचो, “बसू दे, अक्का. त्यांच्या कंपनीत चालत नाही.”

मग आली खंडेनवमी. भाऊंच्या दुकानात त्या दिवशी पकड-पान्यापासून सोल्डरिंग गनपर्यंत सगळ्याची पूजा व्हायची. मग ज्या मशीनवर सगळ्यांचं पोट, ते पूजेविना कसं राहील? भाऊंनी झेंडू आणले, नारळ आणला, आणि अतिउत्साहात वर्तमानपत्रवाल्या एका मित्रालाही बोलावलं. नाहीसाहेब दाराला पाठ लावून उभे. “नाही. बाहेरची माणसं आहेत. दार उघडणार नाही.”

भाऊ चिडले. मी तर पदर खोचूनच भांडायला उभी राहिले. म्हटलं, “वर्षभर आमच्या घामाचं खायचं आणि एक दिवस हळदकुंकू लावू द्यायचं नाही? उद्या पोरं मशीनला हात लावणार नाहीत, बघा तुम्ही!” ते ढिम्म हलले नाहीत. पूजेचं निमित्त होतं, मला त्यांची बदलीच हवी होती.

तेवढ्यात अक्का पुढे आली. हातात आरतीचं ताट, निरांजन पेटलेलं. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. “लक्ष्मी शे ती, भाऊ,” ती साहेबांना म्हणाली. “तिले कोनी कुलूपमा ठेवस का? हाई ताट धर तू. पहिली आरती तू कर.” आणि ताट त्यांच्या हातात दिलं. त्या माणसाने ताटाकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. मग एका हातात ताट सांभाळत दुसऱ्या हाताने शर्टातली किल्ली बाहेर काढली.

आरती त्यांनीच केली. आवाज बरा होता. कुणाचं लक्ष नसताना त्या वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला, आणि दसऱ्यानंतर झेंडूच्या माळेतलं ते गुपित मशीन जळगावभर घरोघरी पोचलं. ‘परदेशी यंत्राची पूजा,’ असं खाली छापलेलं. मधोमध नाहीसाहेब, हातात ताट.

करार मोडला, आता मशीन जाणार, असं धरूनच आम्ही बसलो. नाहीसाहेबांना मुंबईला बोलावणं आलं. जाताना त्यांनी किल्ली भाऊंच्या टेबलावर ठेवली. आम्ही कुणी काही विचारलं नाही. चार-आठ दिवसांनी मुंबईहून फोन आला. दार आपणच उघडलं असं त्यांनी लिहून दिलं होतं. चूक कंपनीच्या माणसाची, तुमच्यावर ठपका नाही, त्यांना कामावरून कमी केलं आहे, दुसरा माणूस येतोय. भाऊंनी फोन ठेवला आणि हुश्श केलं. आणि मी? मी जाऊन पेढे आणले. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या हाताने वाटले.

नवा माणूस तरुण, गोड बोलणारा. चहा आमच्यात घ्यायचा. कुंकू परत लावू का? “हो हो, छान दिसतंय.” पाखरू पाडू का? “पाडा की.” वायर उपटणं नाही, भिंतीवर डोकं नाही, वहीतलं राहिलेलं दुरुस्त करून घेणंही नाही. दिवाळीनंतर आम्ही पूर्ण खेळ पाठवला. काही आठवड्यांनी तो परत आला, बरोबर चुकांची पानंच्या पानं. कपाळावरची खूण. मरणारी पाखरं. वायर काढली की बंद पडतो. कोपऱ्यात नेलं की निळा पडदा. एकेक ओळ वाचताना माझ्या कानात एकच आवाज येत होता. हे सगळं त्या खत्रूड माणसाने इथेच, या टेबलावर अडवलं असतं! आमच्या चुका वर जात नव्हत्या तर. वर जायच्या आधी तो त्या आमच्याकडूनच दुरुस्त करून घेत होता. तोवर कंपनीचा नवा डबा बाजारात आला होता, आणि उशिराच्या खेळात तिला रस उरला नव्हता. तिची माणसं आली, मशीन खोक्यात भरलं, घेऊन गेली. भाऊ टीव्हीकडे वळले. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले.

आणि धुळ्याच्याच स्टँडवर, बऱ्याच दिवसांनी, ते दिसले. शिरपूरच्या गाडीची वाट बघत, हातात रेक्झिनची पिशवी. मला बघून उठून उभे राहिले. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. त्यांनीच विचारलं, “आपला खेळ निघाला का?”

आपला! “निघाला कसला,” मी म्हटलं. “नापास झाला. तुमच्यामुळे.” मनात साठलेलं सगळं तिथे, भर स्टँडवर बाहेर आलं. “दोन वर्षं साध्या साध्या गोष्टीला नाही म्हणालात ना? मग त्या एका दिवशी कशाला दार उघडलंत? नाही म्हणता येत नव्हतं? तुम्ही राहिला असतात तर माझी बाई आज कुठल्या कुठल्या देशात गोफण फिरवत असती!” लोक बघायला लागले.

ते पिशवीचा बंद नीट करत राहिले. मग हळूच म्हणाले, “तिथे येऊन मला दोन वर्षं झाली होती, मॅडम. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी माझ्या हातात काही दिलं.”

शिरपूरची गाडी आली. झुंबड उडाली. आणि हा नियमाचा माणूस शहाण्यासारखा सगळ्यांच्या मागे रांगेत उभा! अशाने उभ्यानेच गेले असते शिरपूरपर्यंत. मी त्यांच्या हातातली पिशवी ओढली, गर्दीत घुसले, खिडकीतून ती आतल्या जागेवर टाकली आणि “ए, माणूस आहे तिथे, बसायचं नाही!” म्हणून ओरडत उभी राहिले. ते चढले, बसले. मी खालून म्हटलं, “पुढच्या वेळी धुळ्यात उतरलात की सरळ घरी यायचं. जेवायला. नाही म्हणायचं नाही.” त्यांनी दोन्ही हात जोडले.

गाडी फाटकातून बाहेर पडून वळली, दिसेनाशी झाली. आणि मग माझ्या लक्षात आलं, घराचा पत्ता मी त्यांना दिलाच नव्हता.