राह्यलोवाले सर

ईरा आणि ओजस, परवा रविवारच्या फोनवर मी "काय करून राह्यलात?" असं विचारलं आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. एरवी इतकं नीटनेटकं बोलणाऱ्या आजीच्या तोंडात हे कुठून आलं, असं ओजसने विचारलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

इंग्रजीवर इंग्रजांपेक्षा जास्त हक्क सांगणारा एकच माणूस मी पाहिला. ते आमचे सर; जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या माडीत शिकवणी घ्यायचे. नव्वद सालाच्या आगेमागे काही वर्षं मी त्यांच्याबरोबर शिकवलं. कामाची वाटणी सरांनीच केली होती. "मॅडम, व्याकरण न् लिखाण माझं, उच्चार तुमचे. मी इंग्रजी बोललो की पोरांना वाटतं, सर रागावून राह्यले." आणि ते खरंच होतं. रिक्षातून स्टेशनकडे जाताना ते दुकानांच्या इंग्रजी पाट्या मोठ्याने दुरुस्त करत जात, आणि रिक्षावाला मागे न बघता "हो सर" म्हणत राही. एका लग्नात त्यांनी मांडवातच पत्रिकेवर लाल पेन चालवलं आणि ती नवरदेवाच्या वडिलांना परत देत म्हणाले, "पत्रिका चुकली, पण लग्न बराबर आहे. होऊ द्या." गाईवरच्या निबंधाला शिकवणीत सक्त बंदी होती. "तिला सोडा आता. समद्या जालन्यानं मिळून पिळलं तिला. आपल्या डोळ्यांसमोर जे चालू आहे ते लिहा."

पण त्यांची खरी मिरास होती 'राह्यलो'. 'मी जाऊन राह्यलो' असं कोणी बोललं की शाळेतले मास्तर 'जात आहे म्हण' असं दटावायचे. सर उलटे. त्यांचं म्हणणं, इंग्रजीतला चालू काळ देवाने मराठवाड्यालाच आधी दिला होता. राह्यलो दिसलं की 'अ‍ॅम' लावा, त्याच्या आधीच्या क्रियापदाला 'इंग' लावा, विषय संपला. मी म्हणायची, "सर, आपण 'समजून राह्यलं' म्हणतो, पण इंग्रजीत तिथे 'इंग' चालत नाही." ते म्हणत, "मंग तिथं इंग्रजांचं चुकलं."

अशात कांता आली. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेली, आणि मनात नर्सिंगला जायचं. वडील दारातच उभं राहून म्हणाले, "एक डाव अजून बघतो, सर. न्हाई तर मंग सोयरीक पक्की करतो. पाहुणे थांबून राह्यले."

मुलगी तोंडच उघडेना. बोललं की चुकतं, एवढंच ती शाळेत शिकली होती. सरांनी विचारलं, "संध्याकाळी बाहेरून आईनं हाक मारली, काय करती गं, तर काय सांगती?"

ती खाली बघून म्हणाली, "भाकर करून राह्यले."

"राह्यलेचं अ‍ॅम, करूनचं मेकिंग. तुला इंग्रजी येतं. कोणी सांगितलं न्हाई एवढंच."

मी तिच्याकडून तेच वाक्य इंग्रजीत म्हणवून घेतलं, आणि त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

परीक्षेत बाजारातल्या दृश्यावर निबंध आला. ती पेपर देऊन थेट माडीवर आली, मागोमाग वडील. तिने मोंढा लिहिला होता: हमाल पोती उचलत आहेत, माझे वडील सगळ्यात पुढे आहेत.

"माझं नाव घातलं का पेपरात?" वडिलांनी घाबरून विचारलं.

"न्हाई अप्पा. तुम्ही पोतं उचलून राह्यले, एवढंच."

सर खिडकीकडे तोंड करून फळा पुसायचं फडकं झटकत राहिले.

कांता पास झाली. पाहुणे थांबून थांबून गेले. आता ती मोठी सिस्टर आहे, आणि दर महिन्याला मला तपासायला घरी येते. "मॅडम, बीपी वाढून राह्यलं," असं म्हणते, आणि मी तिला दुरुस्त करत नाही.

सर आता नाहीत. माडीवर मोबाइलचं दुकान आहे, आणि त्याच्या पाटीवरचं इंग्रजी चुकलेलं आहे. 'राह्यलं' तेवढं राहिलं आहे. कांताकडे, आणि रविवारी फोनवर माझ्याकडे.