बारशाच्या दिवशी उसवलेलं दुपटं

आमच्या भागात गोधडी शिवणं हे उन्हाळ्याचं काम. हरभरा घरात आला, रान मोकळं झालं की बाया लिंबाच्या सावलीला जुनी लुगडी पसरून बसतात, आणि मृग तोंडावर आला की सुया गुंडाळून ठेवतात. लग्न होऊन कुंभार पिंपळगावात आले तेव्हापासून मीही तसंच करत आले.

मग माझ्या सुनेनं गोधड्यांचे फोटो मोबाइलवर टाकले. आधी जालन्याहून मागणी आली, नंतर पुण्याहून, आणि हळूहळू ऋतूच सुटला. श्रावणात, दाराशी जेवढा उजेड येईल तेवढ्यात मी टाके घालत बसायचे. कापड दमट, सुई जड जायची, लाइट कधी जाईल त्याचा भरोसा नाही. फोन सारखा वाजायचा. "आत्याबाई, त्या बाई विचारून राह्यल्या, कधी होईल," सून म्हणायची. मी म्हणायचे, "होतंय, सांग." पण होत नसायचं.

त्याच दिवसांत जालन्याच्या एका शिक्षिकेनं बाळासाठी दुपटं सांगितलं. आपल्या आजीचं मऊ झालेलं लुगडं तिनं पाठवलं होतं. बारशाला बाळाला त्याच्यावरच निजवायचं म्हणाली. मी घाईघाईनं शिवलं आणि बारशाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याला चाललेल्या शेजारणीच्या हाती दिलं.

गाडी गेली, घरातली कामं उरकली आणि दुपारी मी सुया आवरायला बसले. एक सुई नव्हती. कापडाचे थर जुळवताना धावदोरा घालायची ती बारीक सुई. मी चटई झटकली, दोऱ्याची पिशवी उलटी केली, अंगावरच्या साडीच्या निऱ्या सोडून पाहिल्या. सुनेनं केर काढला, केरही चाळला. सुई नाही.

"दुपट्यात तर न्हाई ऱ्हायली?" सून म्हणाली.

शिक्षिकेला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. शेजारणीला लावला, तर ती म्हणाली, "मी तर कवाच देऊन आले. पाळणा सजवून राह्यले होते." एवढंच ऐकून मी पायात चपला सरकवल्या. गाडीची वेळ नव्हती. सून म्हणाली, काळी-पिवळी जीप धरू. पण ती भरल्याशिवाय हलेना. ड्रायव्हर आणखी दोन माणसांची वाट बघत होता आणि मला दिसत होतं ते लेकरू, त्याचे लाल तळपाय, त्याची पाठ. शेवटी सुनेनंच त्याला सांगितलं, "दादा, दोन सीटचे पैसे आम्ही देतो, पण निघा आता." वाटभर ती फोन लावत होती. मी देवाचं नाव घ्यायला जायचे आणि मधेच विसरायचे.

जुन्या जालन्यात रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अडली. आम्ही पुढं पायीच गेलो. घरात शिरलो तर बायांचा घोळका, पाळण्याला झेंडूच्या माळा, पाळणा म्हणणं चाललेलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सरळ गेले आणि पाळण्यातून लेकरू उचललं.

गाणं थांबलं. "अहो! कोण तुम्ही?" एक म्हातारी ओरडली.

"मी गोधडीवाली. पोराला बघा आधी. दुपट्यात सुई असंल."

ती शिक्षिका, बाळाची आई, पुढं आली. तिनं बाळ माझ्या हातातून ओढूनच घेतलं, खाटेवर ठेवलं, अंगडं काढलं, पाठ, मांड्या, टाचा बोटानं तपासल्या. बाळ मोठ्यांदा रडलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. ती मटकन खाली बसली, तशी मीही बसले.

मग दुपटं जमिनीवर पसरलं. आम्ही दोघी दोन बाजूंनी तळव्यानं चाचपत मध्यापर्यंत आलो. कुणीतरी फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक आणून फिरवलं. काहीच लागलं नाही.

"नाहीये हो," ती म्हणाली. "राहू द्या आता."

"मला झोप न्हाई लागायची," मी म्हणाले आणि तिच्याकडून ब्लेड मागून घेतलं. टाके उसवताना तिच्या आजीच्या लुगड्याचे तुकडे एकेक करून सुटे झाले. सगळे थर वेगळे केले. सुई नव्हतीच.

तिनं ते तुकडे गोळा करून माझ्या मांडीवर ठेवले. "आता परत कधी द्याल?"

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "चैत्रात."

"तोवर तर हा रांगायला लागेल."

"मंग मोठं शिवते."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, पण जेवून जा म्हणाली.

घरी आल्यावर मी सुनेला सांगितलं, पावसाळ्यात आता शिवायचं नाही, तसं सगळ्यांना कळव. ती चिडली. "लोक थांबत न्हाईत आत्याबाई. दुसरीकडं जातात." बरेच गेलेही. भादव्यात घट बसायच्या आधी घरातल्या गोधड्या ओढ्यावर धुतल्या, दसऱ्यापासून कापूस वेचला, थंडीत जुनी कापडं फाडून रंगांप्रमाणे लावून ठेवली. हात कामात होते, पण मनातून धास्ती जात नव्हती. उन्हाळ्यात कुणीच आलं नाही तर? घरात सगळे कितीतरी दिवस पायात चपला घालून वावरत होते. सुई आजतागायत सापडली नाही.

चैत्रात चार-पाच जणी आल्या. शिक्षिकेचं दुपटं मी सगळ्यात आधी घेतलं आणि एक ओळ झाली की उठून पाणी प्यायचे, मगच दुसरी धरायचे. ते न्यायला ती स्वतः आली. पोरगं दुपट्यावरून रांगत थेट मातीत गेलं.

पण यंदा वैशाखातच आभाळ भरून आलं. मोठी गोधडी अंगणात पसरलेली, अर्धी टाचलेली. वारं सुटलं तशा मी आणि सून दोन टोकं धरून पळालो, तरी कडा भिजलीच. सून पत्र्याखाली उभी राहून म्हणाली, "आता पावसानंच महिना सोडला. मंग आपण कोणता धरायचा?"

"आधी ही वाळू दे," मी म्हणाले, आणि भिजलेली कडा आम्ही दोघींनी मिळून पिळली.