तीन हजार फेऱ्यांचा कागद

कलेक्शन सेंटरवर तुमच्या हातातून काढलेलं रक्त पुढे कुठे जातं आणि त्याचं काय होतं, असं तुम्ही कधी विचारलंय का? मीही विचारलं नव्हतं. आणि ते रक्त ज्यांच्या ताब्यात येतं त्यांच्यापैकी एक झालो, तेव्हाही पुरेसं विचारलं नाही. त्यात अचलपूरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा उजवा हात गेला.

मी अमरावतीच्या एका खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. अचलपूरला आमचं सेंटर होतं. एक खोली, एक खुर्ची आणि रक्त काढणारा एक भाऊ. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून तो दुपारच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचा. बर्फ भरपूर. वऱ्हाडच्या उन्हात जे टिकवायचं ते बर्फात ठेवायचं, हे आम्हा सगळ्यांना पाठ. पण रक्त म्हणजे भाजी नव्हे. पेशी आणि वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं न करता ते थंड केलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टात आकडा चढतो. माणूस धडधाकट आणि कागदावर मरणाच्या दारात.

यावर उपाय साधा होता. रक्त काढलं तिथेच ते सेंट्रिफ्यूज नावाच्या मशीनमध्ये गरगर फिरवायचं, म्हणजे पेशी तळाला बसतात, आणि मग पाठवायचं. आमच्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ बाईंना आम्ही ताई म्हणायचो. अचलपूरला मशीन द्या म्हणून ताई वर्षभर मालकांच्या मागे लागल्या होत्या. मालक एकदाचे हो म्हणाले आणि मशीन निवडायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो.

दुकानात ताईंनी पर्समधून शिंप्याकडे असते तशी टेप काढली. दुकानदार हसायला लागला.

"काऊन ताई, मशीनले ब्लाउज शिवता का?"

"तुमाले शिवाचा असन त सांगा. आंधी झाकन उघडा."

मधल्या दांड्यापासून नळीच्या तळापर्यंत त्यांनी टेप लावली. मोठ्या मशीनमध्ये सोळा सेंटीमीटर भरलं, लहानात सात. मी म्हणालो, फेरे तर दोन्हींत हवे तेवढे लावता येतात, मग काय फरक? ताईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"जत्रेतल्या चक्रीत बसला नाई का कधी? मधात बसला त काई वाटत नाई, काठावर बसला त आतडे बाहेर येते. फेरे तेवढेच, पन जोर येगळा. रक्ताले फेरे समजत नाई, जोर समजते."

त्यांना मोठं मशीन हवं होतं. त्यात नळ्या फिरताना आडव्या होतात, थर सपाट बसतो, शिवाय ते हळू थांबतं, ढवळत नाही. त्यांनी मालकांना फोन लावला. मालकांनी एकच विचारलं, लहान मशीनच्या खोक्यावर मिनिटाला किती फेरे लिहिलेत? पाच हजार.

"मंग? आपली अमरावतीची त तीन हजारावर चालते. हे त जास्तच झाली. लहानच आना."

आम्ही लहानच आणलं. एसटीत खोकं मांडीवर घेऊन ताई म्हणाल्या, "घेतली त घेतली. इच्यातूनबी काम होते. साडेचार हजारावर, पंधरा मिनिटं चालवा लागन. मी मोजून कागद लिहून देतो."

पण त्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तीन महिने रजेवर गेल्या. मशीन बसवायला मी एकटा गेलो.

माझं लहानपण पत्रकांमध्ये गेलं. आमच्या घरी पलंगाखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाठकोऱ्या पत्रकांवर मी गणितं सोडवली. जाड अक्षरात लिहून भिंतीवर डकवलं की निम्मी लढाई जिंकली, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलेलं. अचलपूरच्या भिंतीवर मी लाल स्केचपेननं लिहिलं: "३००० फेरे. १० मिनिटं. यात तडजोड नाही!" हा आकडा मी अमरावतीच्या मोठ्या मशीनवरून उचलला होता. एसटीत ताई काय म्हणाल्या ते मला आठवत नव्हतं असं नाही. मला वाटलं, एकाच लॅबमध्ये दोन नियम कशाला? सगळीकडे एक नियम, हे मला न्यायाचं वाटलं.

आम्ही वापरत होतो त्या नळ्यांच्या तळाशी जेल असतं. पुरेसा जोर मिळाला तरच ते वर सरकतं आणि पेशी व सीरम यांच्यामध्ये पडदा धरतं. सात सेंटीमीटरच्या मशीनमध्ये माझ्या तीन हजार फेऱ्यांनी अमरावतीच्या निम्माही जोर येत नव्हता. पडदा अर्धवट. वरून पाहिलं तर सीरम स्वच्छ पिवळं दिसायचं. मग बर्फ, मग एसटी, मग परतवाड्यापासूनच्या रस्त्याचे हादरे. आणि अमरावतीत मी ते डोळे झाकून तपासायला लावायचो, कारण आता तर रक्त फिरवून येत होतं!

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला तिच्या गल्लीत सगळे आपा म्हणायचे. तिची किडनी थोडी कमजोर होती. रक्तदाबाची जी गोळी चालू होती ती किडनीला जपणारी, पण पोटॅशियम वाढलं तर बंद करावी लागणारी. आमच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, दुसरी दिली, संत्री खायची नाहीत म्हणून सांगितलं. दुसरा रिपोर्ट तसाच आला, तिसराही. नव्या गोळीनं पाय सुजायचे, म्हणून आपा ती कधी घ्यायची, कधी नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी कापड कापता कापता तिच्या हातातून कात्री पडली आणि ती तिला उचलता आली नाही. तिच्या सख्ख्या भावानं तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे काढलेलं, तिथेच फिरवलेलं रक्त. पोटॅशियम अगदी बरोबर.

तिचा नवरा चार कागद घेऊन आमच्या काउंटरवर आला. तीन आमचे, एक अकोल्याचा. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "साहब, इसमें सच्चा कौनसा है?"

ताई त्याच आठवड्यात कामावर परतल्या होत्या. आम्ही दोघं अचलपूरला गेलो. भिंतीवरची लाल अक्षरं वाचून त्यांनी पर्समधून टेप काढली आणि मशीनचं झाकण उघडलं. सेंटरवरचा भाऊ कावराबावरा झाला.

"तुमीच लिवलं ना भाऊ? म्या एक फेरा कमी नाई केला. समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवली, अर्धा घंटा रक्त गोठू देल्लं, झाकनाले हात नाई लावला. जसं सांगतलं तसंच केलं."

खरं होतं ते. त्यानं सगळं नीट केलं होतं. कागद माझा होता.

मालक म्हणाले, "बसमंदी सँपल खराब झालं म्हना. मशीनचं नाव काढू नका."

"मंग बाकीच्या पेशंटचं काय?" ताईंनी विचारलं.

 त्या मशीनवर ज्यांचं रक्त फिरवलं त्यांच्यापैकी एकालाही मालकांनी परत बोलावलं नाही. मी नोकरी सोडली. ताईंनी सोडली नाही. त्या म्हणाल्या, मी गेलो त तिथं मोजन कोन? त्या बरोबर होत्या. माझा राजीनामा म्हणजे आणखी एक पत्रक होतं.

मी आपाकडे जाऊन सगळं सांगितलं. गोळी बंद होती म्हणूनच रक्तदाब चढून अर्धांगवायूचा झटका आला, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणत नाहीत, हेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ते ओशाळवाणं वाटलं. ती डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. खिळ्याला टेप लटकत होती.

"मैं तो कपडा काटने के पहले दो बार नापती, बेटा," ती म्हणाली. "तेरेको एक बार भी नापना नहीं सूझा?"

 म्हणून हे लिहितोय. पुढच्या वेळी गावच्या सेंटरवर हात पुढे कराल, तेव्हा सुई टोचायच्या आधी विचारा: रक्त इथेच फिरवणार का? किती फेरे ते नको, जोर किती? आणि तो कुणी, कोणत्या टेपनं मोजला? समोरच्याला सांगता आलं नाही तर बाही खाली करा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.